हेदवीचा सडा : पडीक जमिनीचा इतिहास आणि संरक्षणाचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मीगणेशाच्या मंदिरामुळे आणि समुद्रकाठच्या खडकातील बामणघळीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. पेशवेकाळातील हे मंदिर डोंगराच्या उतारावर, झाडीत वसले आहे; बामणघळ त्याखाली किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळ आहे. भरतीच्या वेळी या अरुंद घळीत शिरणारे पाणी उंच उसळते आणि ते पाहण्यासाठी पर्यटक गर्दी करतात. या दोन स्थळांच्या वर, डोंगर चढून गेल्यावर, जो विस्तीर्ण, सपाट, काळपट-तांबडा कातळ लागतो त्याकडे मात्र बहुधा कोणी पाहत नाही. त्याला स्थानिक बोलीत ‘सडा’ म्हणतात. जून ते ऑक्टोबर या काळात हा सडा हिरवा आणि फुलांनी भरलेला असतो. उरलेले सात महिने तो उजाड दिसतो. या सात महिन्यांच्या रूपावरूनच त्याचे सरकारी वर्गीकरण ठरले आणि त्या वर्गीकरणाने त्याचे भवितव्यही बऱ्याच अंशी ठरवले. हे वर्गीकरण कसे घडले, आणि ते ज्यांच्या नजरेतून सुटले त्या वनस्पतींचे व प्राण्यांचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कोकणातील किनारपट्टीच्या गावाची रचना ठरावीक आहे. पुळणीला लागून नारळी-पोफळीची आगरे, त्यामागे भाताची खलाटी, मग वस्ती, नंतर वरकस जमिनीचा उतार आणि सर्वांत वर सडा. हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, नरवण ही सारी गावे थोड्याफार फरकाने याच साच्यात बसतात. या रचनेत सडा सर्वांत उंच जागी असला तरी गावाच्या हिशेबात तो सर्वांत खालच्या पायरीवर राहिला. आगराचे मोल झाडागणिक ठरे, भातजमिनीचे पिकावर ठरे. सड्याला मोल नव्हते, कारण त्यावर नांगर चालत नव्हता.

जांभा, सडा आणि हीथ

सड्याचा खडक म्हणजे जांभा. उष्ण आणि अतिवृष्टीच्या हवामानात मूळ खडक दीर्घकाळ कुजत जातो, त्यातील सिलिका व इतर विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात. त्यांचे कठीण कवच म्हणजे जांभा. खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि उघड्या हवेत राहिला की घट्ट होतो. म्हणूनच कोकणात घरे, गडगे, विहिरी आणि देवळांची जोती चिऱ्यांनी बांधली गेली. याच गुणामुळे फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याचे लक्ष मलबारातील अंगाडीपुरम येथे या दगडाकडे गेले. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याने त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. म्हणजे जगाच्या भूशास्त्रात या खडकाची पहिली नोंद बांधकामाचे सामान म्हणून झाली. तो जिवंत भूप्रदेशाचा पाया आहे, ही गोष्ट पुष्कळ नंतर लक्षात आली.

युरोपातील ‘हीथ’ या भूप्रदेशाशी सड्याची तुलना काही बाबतींत उद्‌बोधक आहे. निकस, आम्लधर्मी जमीन, झाडांचा अभाव, बुटकी झुडपे आणि गवत ही हीथची लक्षणे होत. उत्तर जर्मनीतील ल्यूनेबुर्गची हीथ शतकानुशतके मेंढ्यांच्या चराईमुळे आणि शेतखतासाठी मातीसकट वरचा थर खरवडून नेण्यामुळे टिकून राहिली. एकोणिसाव्या शतकात तिला ओसाड जमीन मानून तेथे पाइनची लागवड करण्याचे धोरण सुरू झाले. या धोरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीतून १९२१ साली तिला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. मात्र साम्य फार ताणता येत नाही. हीथ बव्हंशी माणसाच्या हातून घडलेली आहे. चराई थांबली तर तिचे काही दशकांत रान होते. सड्याचा कातळ माणसाने घडवलेला नाही. तेथे झाडे नाहीत याचे मूळ कारण मातीचा अभाव हे आहे. तरीही सड्यावरील गवत, वणवे आणि गुरांची चराई यांनी त्याच्या वनस्पतिजीवनाला आकार दिला, हे नाकारता येणार नाही. या दोन्ही प्रदेशांना जोडणारा खरा धागा मात्र त्यांच्याकडे पाहणाऱ्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीत सापडतो. ज्या जमिनीतून सारा निघत नाही ती ओसाड, हे समीकरण हॅनोव्हरमध्ये होते आणि रत्नागिरीतही होते.

महसुलाच्या वहीतील सडा

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर दक्षिण कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात आले. त्याचे ठाणे प्रथम बाणकोट येथे होते. १८२२ मध्ये ते रत्नागिरीस हलवण्यात आले. तेथील कलेक्टर डनलॉप याच्या नावाने ओळखला जाणारा १८२४ चा जाहीरनामा या प्रदेशाच्या निसर्ग-इतिहासात निर्णायक ठरला. त्याने खातेदारांच्या जमिनीतील झाडांवरचा हक्क त्यांच्याकडेच सोपवला. लोकांनी झाडे लावावीत व राखावीत असा त्यामागचा हेतू सांगितला जाई. प्रत्यक्षात जिल्ह्यातील वने मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. पुढे १८७८ च्या वन कायद्यान्वये इतरत्र राखीव वने निर्माण झाली तेव्हा रत्नागिरीत सरकारजमा करण्याजोगे रान फारसे शिल्लक नव्हते आणि जे होते ते खाजगी मालकीचे होते. आजही या जिल्ह्यातील सरकारी वनक्षेत्र अत्यल्प आहे, त्याचे मूळ या जाहीरनाम्यात शोधावे लागते. ठाणे किंवा कारवार जिल्ह्यांत शेतकरी विरुद्ध वनखाते असा जो दीर्घ संघर्ष झाला, तो रत्नागिरीत त्या तीव्रतेने दिसत नाही. येथील संघर्ष खोत आणि कूळ यांच्यात होता.

खोत हा मूळचा गावाचा महसूल वसूल करणारा वंशपरंपरागत अधिकारी. कालांतराने तो जवळजवळ गावाचा मालकच बनला. १८८० च्या खोती सेटलमेंट कायद्याने त्याचे हक्क निश्चित केले, पण कुळांची तक्रार मिटली नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती प्रत्यक्षात संपली ती १९४९ च्या कायद्याने. खोतीविषयीच्या अभ्यासात भातजमीन, फसल, वेठ आणि कुळांचे हक्क यांची चर्चा विपुल आहे. सड्याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो, आणि याचे आश्चर्य वाटते. कारण कुळाच्या जगण्यात सडा अनुपस्थित नव्हता.

कोकणातील भातशेतीचा आरंभ राबाने होई. झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर दाढीच्या जमिनीवर रचून ते उन्हाळ्याअखेर भाजले जात. या भाजावळीसाठी लागणारे कवळ वरकस उतारावरून येई, गवत सड्यावरून. घरांची शाकारणीही गवतानेच होत असे. गुरे पावसाळ्यात सड्यावर चरत, कारण त्या दिवसांत खलाटीत भात उभे असे. कातळाच्या खोलगट भागांत जेथे वीतभर माती साठली होती तेथे बांध घालून भाताचे छोटे मळे केले जात. अनेक सड्यांवर असे मोडके बांध आजही दिसतात. म्हणजे सडा गावाच्या अर्थव्यवस्थेत रोज वापरला जात होता. फक्त त्या वापरावर आकार बसत नव्हता. सरकारी दप्तराला आकाराशिवाय भाषा नव्हती. म्हणून सडा ‘पोटखराबा’ किंवा ‘वरकस’ या सदरांत गेला, कोठे त्याला नुसते ‘कातळ’ म्हटले गेले. ‘पोटखराबा’ या शब्दात जमिनीचे वर्णन नसून तिच्यापासून सरकारला काय मिळत नाही याचे वर्णन आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

निसर्गनिरीक्षकांची नोंदवही

महसूल खात्याच्या नजरेतून सुटलेला सडा त्याच राज्ययंत्रणेतील काही अधिकाऱ्यांच्या नजरेस पडला, हा या इतिहासातील एक विरोधाभास होय. एन. ए. डॅलझेल हा मूळचा जकात खात्यातील अधिकारी, पुढे मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक. त्याने अलेक्झांडर गिब्सनसह १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, त्याने कोकणातील एका कंदवर्गीय वनस्पतीचे वर्णन केले होते. आज तिचे शास्त्रीय नाव ‘डिपकॅडी कोंकणेन्स’ असे आहे आणि अभ्यासकांत तिला दीपकाडी म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की जूनमध्ये कातळाच्या बेचक्यांतील मूठभर मातीतून तिचे दांडे वर येतात आणि त्यांवर लांब नळीची पांढरी, सुगंधी फुले लागतात. काही आठवड्यांत सारे संपते. उरलेले वर्ष कंद मातीत निजलेला असतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या किनारी पट्ट्यातील सड्यांबाहेर ती आढळत नाही. तिच्या नावात कोकण आहे ते केवळ सापडण्याचे ठिकाण म्हणून नव्हे, तेच तिचे जग आहे.

तिच्यानंतर सड्यावर जे येते ते क्रमाने येते. पाणी साचलेल्या उथळ भागांत गेंदाचे पांढरे गोंडे, त्यांच्यामध्ये सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले, ओलसर वाळूत दवबिंदू, थोड्या जाड मातीत तेरडा आणि कवला, व पाऊस ओसरताना गवताच्या नाना जाती. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत. निकस जमिनीत नत्राची उणीव त्या कीटकांपासून भरून काढतात. नापीकपणा हा येथे दोष नसून या वनस्पतिसमूहाच्या अस्तित्वाची अट आहे. जेथे माती सुपीक होते तेथून या वनस्पती हटतात. कृषी खात्याच्या भाषेत ज्याला जमीन सुधारणे म्हणतात, ते सड्याच्या बाबतीत त्याचे जीवन पुसणे ठरते, ते याच कारणाने.

पक्ष्यांची पहिली व्यवस्थित यादी जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने केली. दक्षिण कोकणातील पक्ष्यांविषयीचा त्याचा विस्तृत लेख १८८० मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियरही प्रसिद्ध झाले. टिटवी, चंडोल, रातवा हे सड्याचे नेहमीचे रहिवासी, आणि कड्याजवळच्या उंच झाडांवर घरटी करणारा समुद्रगरुड, यांची ओळख अभ्यासकांना अशा नोंदींतून झाली.

पण व्हिडालचे नाव आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. फुरसे हा विषारी साप सड्यावर, जांभ्याच्या सुट्या दगडांखाली विपुल असतो. आकाराने लहान, पण दंश प्राणघातक. रत्नागिरी जिल्ह्यातील सर्पदंशाच्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा असल्याने सरकारने मारलेल्या फुरशामागे बक्षीस लावले. बक्षिसाची रक्कम वाढवल्यावर डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत एक लाख पंधरा हजारांहून अधिक फुरशी मारून आणली गेली. हा आकडा वाचून आजच्या वाचकाला खेद होईल, पण तो दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. अनवाणी पायांनी सड्यावर गवत कापणाऱ्या माणसाच्या दृष्टीने फुरसे म्हणजे मृत्यू होता आणि तेव्हा त्यावर उतारा नव्हता. शिवाय आठ दिवसांत एवढे साप मिळावेत, यावरून सड्यावरील जीवसृष्टीच्या दाटीची कल्पना येते. ‘ओसाड’ म्हणून नोंदलेल्या जमिनीविषयी सरकारच्याच तिजोरीतून निघालेला हा पुरावा आहे. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्रतिविष तयार होऊ लागले तेव्हा त्यासाठी लागणाऱ्या चार प्रमुख विषांत फुरशाचे विष होते. ज्या सापासाठी मारल्याचे पैसे मिळत होते त्याच सापाला जिवंत पकडल्याचे पैसे मिळू लागले. कोकणातील विंचूदंशावर डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडीपासून सुरू केलेले संशोधन हीसुद्धा याच तांबड्या मातीतील प्राण्यांशी माणसाच्या संबंधाची एक कथा आहे. तिचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही.

१९६३ मध्ये ॲलिस ग्रँडिसन आणि सोमण यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पालीच्या एका नव्या जातीचे वर्णन केले. तिचे नमुने रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले, मालगुंड आणि गुहागरजवळील गिमवी अशा ठिकाणचे होते. बोटाएवढी ही पाल अंगावर पांढरे आडवे पट्टे मिरवते, भिंतीवर चढत नाही, जमिनीवर राहते आणि जांभ्याच्या सुट्या दगडाखाली दिवस काढते. तेव्हा तिला ‘टेराटोलेपिस’ या प्रजातीत ठेवले गेले. पुढे जनुकीय अभ्यासानंतर ती ‘हेमिडॅक्टिलस’ प्रजातीत गेली. तिचा जगातील वावर कोकणच्या या पट्ट्यापुरता मर्यादित आहे आणि आंतरराष्ट्रीय सूचीत तिची गणना असुरक्षित जातींत होते. हेदवीच्या आसमंताला जगाच्या प्राणिशास्त्रात जे स्वतःचे स्थान आहे, ते या पालीमुळे. गावाच्या माहितीफलकांवर तिला जागा मिळण्याची शक्यता मात्र कमीच.

पडीकपणाचे नवे अर्थ

स्वातंत्र्यानंतर सड्याचे सदर बदलले नाही. त्या सदराचा उपयोग बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्ये निर्माण झाली, पण ती प्रामुख्याने सरकारी वनांत. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने रत्नागिरीतील पुष्कळ खाजगी रान वनखात्याकडे आले. तेथेही कसोटी झाडांची होती आणि सड्यावर झाडे नव्हती. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. पुढे उपग्रहचित्रांवरून पडीक जमिनींचे जे नकाशे तयार झाले त्यांत ‘नापीक खडकाळ जमीन’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे. डनलॉपच्या काळातील पोटखराबा अवकाशातूनही पोटखराबाच दिसला! उपग्रहाने चित्र कोणत्या महिन्यात टिपले हा प्रश्न येथे गौण नाही.

पडीक म्हटले की ती जमीन दुसऱ्या कशासाठी तरी मोकळी, असे गृहीत धरले जाते. गुहागर तालुक्यातील त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अंजनवेल-रानवी परिसरातील दाभोळ वीज प्रकल्प. १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीशी प्राथमिक करार झाला, १९९९ मध्ये पहिल्या टप्प्यातून वीज मिळू लागली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला. या प्रकल्पाविषयी विजेचा दर, करारातील अटी आणि आंदोलकांवरील दडपशाही यांवर विपुल लिहिले गेले. ज्या सड्यावर तो उभा राहिला त्याच्या वनस्पतींविषयी क्वचितच कोणी लिहिले. माडबनच्या सड्यावरील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी, म्हणजे २०१० च्या सुमारास, चित्र थोडे बदलले होते. जमीन नापीक असल्याचा सरकारी दावा आणि तेथील जैवविविधतेच्या नोंदी यांचा सामना तेव्हा उघडपणे झाला.

प्रकल्प मोजके असतात. बदल सर्वदूर पोचवला तो फळबागांनी. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली आणि कोकणात आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली. उतारावरील वरकस जमिनी भरल्यावर बागा सड्यावर आल्या. कातळाला सुरुंग लावून खड्डे घेणे, डंपरने माती आणून ती भरणे, सुटे दगड वेचून त्यांचे गडगे रचणे, अशी ही रीत आहे. यात दोष केवळ बागायतदाराला देणे न्यायाचे होणार नाही. ज्या कुटुंबाच्या वाट्याला भातजमिनीचे तुकडे आणि सड्याचा विस्तीर्ण पण निरुपयोगी भाग आला, त्याला हापूसने प्रथमच सड्यातून उत्पन्न दाखवले. तरी परिणाम परिणामच राहतो. गडग्यासाठी उचललेला दगड म्हणजे त्या पट्टेरी पालीचे छप्पर असते. भरलेल्या मातीखाली दीपकाडीचा कंद गाडला जातो. फवारणीचे पाणी डबक्यांत उतरते. अपर्णा वाटवे यांनी उत्तर सह्याद्री व कोकणातील सड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांचा सहभाग असलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोकळे सडे, सोडून दिलेले भातमळे आणि फळबागा यांतील दगडाखालच्या प्राण्यांची पद्धतशीर तुलना केलेली आढळते. कातळ जागेवर असणे पुरेसे नाही, त्यावरचे सुटे दगडही जागेवर असावे लागतात, ही गोष्ट अशा अभ्यासाने पुढे आणली.

कासचा दाखला आणि त्याच्या मर्यादा

महाराष्ट्रात जांभ्याच्या सड्याला पूर्ण संरक्षण मिळाल्याचे प्रसिद्ध उदाहरण सातारा जिल्ह्यातील कास पठाराचे आहे. ते राखीव वन होते, म्हणजे जमीन आधीपासून सरकारची होती. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत महाराष्ट्रातील चार होती : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर फुलांच्या हंगामात कासवर पर्यटकांचा लोंढा सुरू झाला आणि तो आवरण्यासाठी प्रवेशशुल्क व कुंपण आले. कुंपणाने माणसे थांबली, तशी गुरेही थांबली. चराई बंद झाल्यावर उंच गवत माजले आणि बुटक्या फुलझाडांना ते जाचक ठरते आहे, अशी तक्रार स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनी केली. पुढे कुंपण हटवण्यात आले. ल्यूनेबुर्ग येथे आजही मेंढ्यांचे कळप मुद्दाम राखले जातात, त्यामागे हाच अनुभव आहे. संरक्षण म्हणजे माणसाला व त्याच्या जनावरांना दूर ठेवणे, ही कल्पना घनदाट अरण्यातून आलेली आहे आणि ती उघड्या माळावर जशीच्या तशी लागू पडत नाही.

हेदवीला कासचा मार्ग मोकळा नाही. गुहागर तालुक्यात अभयारण्य नाही आणि सडे बहुतांशी खातेदारांच्या नावावर आहेत. किनाऱ्यावर परिस्थिती वेगळी आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळास येथे सुरू केलेले कासव-संरक्षणाचे काम गुहागरच्या पुळणीपर्यंत पोचले. २०२३ मध्ये येथे दोन कासविणींना उपग्रह-यंत्रे बसवण्यात आली तेव्हा ती बातमी वृत्तपत्रांत आली. पुळण कोणाच्या सातबारावर नसते, हे त्या यशामागचे एक कारण होय. आणखी एक असे की, कासवाचे पिल्लू समुद्राकडे धावताना पाहणे सुखद असते. फुरशाच्या बाबतीत ती सोय नाही.

अलीकडच्या काळात सड्याला अनपेक्षित साहाय्य मिळाले ते पुरातत्त्वाकडून. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी फिरून रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवरची शेकडो कातळशिल्पे उजेडात आणली. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे अठरा मीटर लांब आहे. काही ठिकाणी गेंडा कोरलेला आहे, जो प्राणी आज कोकणात नाही. २०२२ मध्ये कोकणातील नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. त्यांतील सात रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. ज्या कातळाला इंग्रजी दप्तराने आणि त्यानंतरच्या दप्तरानेही निरुपयोगी ठरवले, तो कित्येक सहस्रके माणसाच्या कलेचा फलक होता, हे आता मान्य झाले. २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा झालेल्या आंदोलनात जमीन, आंबा आणि मासेमारी यांच्या बरोबरीने कातळशिल्पांचा प्रश्नही उभा राहिला. तथापि शिल्पाभोवती चिऱ्यांचे चौकोनी कुंपण घालून बाकीचा सडा मोकळा सोडणे ही रीत रूढ होताना दिसते, आणि ती अपुरी आहे. ज्या आकृतींत मासे, कासव, हरिण, वाघ आहेत, त्यांचा अर्थ भोवतालच्या उघड्या प्रदेशातूनच लागतो.

कायद्यात वाट नाही असे नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या ३७ व्या कलमान्वये राज्य शासन जैवविविधता वारसास्थळे घोषित करू शकते आणि त्यासाठी जमीन वनखात्याची असण्याची अट नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमातील एका माशासाठी २०२१ मध्ये असे स्थळ घोषित झाले. एका छोट्या माशासाठी जे होऊ शकले ते एका छोट्या पालीसाठी होण्यास तत्त्वतः अडचण नाही. अडचण आहे ती खातेदारांच्या संमतीची आणि त्यांना त्यातून काय मिळणार याची. एक उत्तर पाण्याचे आहे. सड्यावर साचलेले पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपून पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि त्यावर पोफळीची आगरे उन्हाळा काढतात. वरचा सडा खणला गेला तर खालच्या आगराला किंमत मोजावी लागते, आणि पुष्कळदा दोहोंचा मालक एकच असतो.

किनारी सड्यांपैकी जे आजवर अभंग राहिले त्यांचे श्रेय कोणत्याही कायद्यापेक्षा सातबाराला अधिक द्यावे लागेल. खोती संपल्यानंतर सड्याची वाटणी करण्याचे कष्ट बहुतेक घराण्यांनी घेतले नाहीत. वाटून घेण्यासारखे त्यात काही आहे असे कोणास वाटले नाही. परिणामी एकेका गटक्रमांकावर वीस-पंचवीस सामाईक खातेदारांची नावे चढत गेली. त्यांतील काही गावी, काही मुंबईत, काही हयात नसलेले आणि वारसनोंद न झालेले. अशा जमिनीचे खरेदीखत करायचे तर सर्वांच्या सह्या लागतात, चिरेखाणीच्या परवान्यालाही लागतात. त्या मिळत नाहीत. महामार्गाचे रुंदीकरण आणि किनाऱ्यावरील पर्यटन यांमुळे सड्याला भाव आल्यापासून वारसनोंदी आणि वाटपाची प्रकरणे मात्र तहसील कचेऱ्यांत वाढू लागली आहेत.